औषध, मौन आणि नाद
देवासच्या कुमार गंधर्वांच्या जीवनाचा एक अभ्यासपाठ

नादाची उपासना हे आपल्या धर्माचे एक प्राचीन अंग आहे. सामगायनापासून कीर्तनापर्यंत आणि काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत आपल्या मंदिरांचा दिवस स्वरांनीच बांधलेला असतो. म्हणून संगीताने मन निवते, चित्त स्थिर होते आणि दुःखाचा भार हलका होतो हे आपल्या कुटुंबांस नव्याने सांगावे लागत नाही. परंतु अलीकडे या श्रद्धेस एक निराळे वळण लागलेले आम्ही पाहतो. अमुक राग आळविला असता अमुक व्याधी नष्ट होते, अमुक भजनाच्या आवर्तनांनी औषधाची गरज उरत नाही, अशी विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात, आणि आजाराने गांजलेली माणसे ती ऐकून घेतात. धार-देवासच्या प्रदेशात तर या विधानांच्या पुष्ट्यर्थ एक थोर नाव हटकून पुढे केले जाते. ‘कुमार गंधर्वांचा क्षय भजनानेच बरा झाला ना?’ असा प्रश्न आम्हांस अनेकदा ऐकावा लागतो.

प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याच्या उत्तरावर एखाद्या घरातील रुग्णाचे जीवित अवलंबून असू शकते. म्हणून प्रस्तुत पाठात आम्ही पंडित कुमार गंधर्वांच्या जीवनाचा क्रमवार विचार करण्याचे योजिले आहे. हे जीवन याच भूमीवर घडले, आणि आपणांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी ते प्रत्यक्ष पाहिले. औषधाने काय केले, मौनाने काय दिले आणि नादाने काय साधले, या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या म्हणजे भ्रम दूर होतो. आणि भजनाची थोरवी त्यामुळे कमी न होता उलट अधिक स्पष्ट होते, असा आमचा विश्वास आहे.

१. बालपण आणि गुरुकृपा

कुमार गंधर्वांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. बेळगावजवळील सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे लिंगायत, मातृभाषा कानडी. अगदी कोवळ्या वयातच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका एकदा ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखविण्याची अद्भुत शक्ती या बालकात प्रकट झाली. ते ऐकून एका मठाधिपतींनी त्यास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच पुढे त्यांचे नाव झाले.

परंतु अनुकरण म्हणजे विद्या नव्हे. ही विद्या त्यांस मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात मिळाली. वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी कुमार त्यांच्याकडे आले. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. हे तेच पलुसकर, की ज्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, संगीत हे घरंदाज स्त्रीपुरुषांनी शिकण्याजोगे शास्त्र आहे असे समाजाच्या मनावर ठसविले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिक येथे रामनामाच्या आधारे आश्रम चालविला. गायक, शिक्षक आणि उपासक या तिन्ही भूमिका एकाच पुरुषाच्या ठायी नांदू शकतात, याचा वस्तुपाठ या परंपरेत आधीपासूनच होता. देवधरांनी एका घराण्याची चौकट शिष्यावर लादली नाही. नाना घराण्यांच्या गवयांस ते आपल्या विद्यालयात मानाने बोलावीत आणि विद्यार्थ्यांस ऐकावयास बसवीत. ऐकणे हाही अभ्यास आहे, हे बीज कुमारांच्या चित्तात येथेच पडले.

तेविशी गाठेपर्यंत कुमार हे नामवंत गवई झाले होते. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भानुमतीबाई मूळच्या कराचीच्या, देवधरांच्याच विद्यालयातील गायिका. कीर्ती होती, गुरूचा आशीर्वाद होता, सहधर्मचारिणीही समानशील मिळाली होती. अशा वेळी क्षयाने त्यांस गाठले.

२. देवासचे आगमन

त्या काळी क्षयाचे नाव घराघरात हळू आवाजात उच्चारले जात असे. विश्रांती, सकस आहार आणि कोरडी हवा यांपलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. मुंबईची दमट हवा रुग्णास घातक म्हणून माळव्याच्या पठारावरील, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवरील कोरड्या हवेचे देवास निवडण्यात आले. १९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस हे तरुण दांपत्य देवासला आले.

देवास हे तेव्हा संगीतास परके गाव नव्हते. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर माळव्यात आलेल्या पवारांपैकी एक शाखा धारला स्थिरावली आणि तुकोजी व जिवाजी या बंधूंनी देवासला थोरली व धाकटी अशा दोन पात्या स्थापिल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी येथे गणेशोत्सव, कीर्तन आणि दरबारी गाणे यांची परंपरा राखली. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा दिग्गज गवई देवासचाच, आणि तो तेव्हा हयात होता. गावाच्या मध्यावर चामुंडा आणि तुळजाभवानी यांची टेकडी. तिच्या पायथ्याशी पुढे कुमारांचे घर उभे राहिले.

मात्र आले तेव्हा ते गाण्यासाठी आले नव्हते. डॉक्टरांनी गायनास सक्त मनाई केली होती. पुन्हा गाता येईल की नाही याची शाश्वती कोणी देईना. गवयास गाणे वर्ज्य होणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी क्षणभर करावी. जे त्याचे अन्न, तेच विष ठरले.

३. औषध आणि सेवा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हा रोग बरा कसा झाला?

याचे उत्तर स्पष्ट आहे. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला. क्षयाच्या जंतूंवर प्रत्यक्ष परिणाम करणारे हे पहिले औषध. त्याची गुणकारिता सिद्ध करणारे ब्रिटनमधील प्रयोग १९४८ मध्येच प्रसिद्ध झाले, म्हणजे ज्या वर्षी कुमार देवासला आले त्याच वर्षी. पुढील काही वर्षांत ते आपल्या देशातही मिळू लागले, आणि त्याचा लाभ कुमारांस झाला. आणखी दहा वर्षे आधी हा रोग जडला असता, तर त्यांच्या उत्तरायुष्यातील गायनाचा एकही स्वर आपल्या कानी पडला नसता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

औषधाइतकेच बळ सेवेचे होते. भानुमतीबाईंनी देवासमध्ये शाळेत नोकरी धरून घर चालविले आणि पतीची शुश्रूषा केली. त्या स्वतः गायिका होत्या. त्यांचेही गाणे या काळात मागे पडले. इंदूरचे रामुभैया दाते, पत्रकार राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, नाट्यकर्मी बाबा डिके अशा स्नेह्यांचे मंडळ पुढे कुमारांभोवती जमले. रोग्यास औषध लागते, तसेच रोज दाराशी येणारे माणूसही लागते. जवळजवळ पाच वर्षांनंतर, १९५२-५३ च्या सुमारास, कुमार रोगमुक्त होऊन पुन्हा गाऊ लागले. एका फुफ्फुसाची शक्ती मात्र कायमची क्षीण झाली.

या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. आधी औषध, विश्रांती आणि सेवा, त्यानंतर गायन. जे लोक ‘भजनाने क्षय गेला’ असे सांगतात ते हा क्रम उलटा करतात. ज्या काळात रोग हटत होता, त्या काळात कुमारांस गाण्याची परवानगीच नव्हती! आणि जी निर्गुणी भजने पुढे त्यांच्या नावाशी निगडित झाली, ती त्यांनी मैफलींतून गाइली ती बरे झाल्यावर. तेव्हा त्यांच्या उदाहरणावरून औषध सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे त्यांच्या जीवनाचा विपर्यास करणे होय.

येथेच आणखी दोन शब्द स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. क्षय हा आपल्या देशातून अद्याप गेलेला नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. उपचार बहुधा सहा महिने चालतो. बरे वाटू लागले म्हणून तो मध्येच थांबविल्यास जंतू औषधास दाद देईनासे होतात, आणि मग रोग पहिल्यापेक्षा दुर्धर होऊन बसतो. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरात भजन अवश्य व्हावे; परंतु गोळ्या वेळेवर दिल्यानंतर.

४. मौनाचे दान

मग नादाचे श्रेय काय? त्यासाठी आधी मौनाचा विचार केला पाहिजे.

आपल्या परंपरेत मौन हे व्रत आहे. आपण मौनी अमावास्या पाळतो. आपल्या शेजारच्या जैन बांधवांत मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस मौन एकादशी म्हणतात. धार जिल्ह्यात राजगडजवळ आचार्य राजेंद्रसूरींच्या स्मृतीने पावन झालेल्या मोहनखेड्यासारख्या तीर्थांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस या व्रताची महती परिचित आहे. अशा व्रतात मनुष्य स्वेच्छेने मौन धरतो. कुमारांवर मात्र ते लादले गेले. पण लादलेल्या मौनाचेही व्रतात रूपांतर करता येते, हे त्यांनी दाखविले.

कंठ बंद झाला तेव्हा कान उघडे होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडत. दळणाची, पेरणीची, पावसाळ्याची, लग्नातील बन्याची, मूल निजविण्याची गीते आसपासच्या बायका गात असत. ही गीते त्यांनी आयुष्यात प्रथमच एवढ्या निवांतपणे ऐकली. शास्त्रीय गवई एरवी ज्यांस ‘साधी’ म्हणून सोडून देतो, त्या चालींत अवघे तीन-चार-पाच स्वर असतात. तथापि त्या स्वरांचे परस्परांशी असलेले नाते इतके पक्के असते, की शेकडो वर्षे कोणी न शिकविता ते टिकून राहते. पुढे त्यांनी ही गीते शेकड्यांनी जमविली, त्यांचे स्वरलेखन केले आणि त्यांत रागांची बीजे शोधली. रागांतून लोकगीते निपजली नसून लोकगीतांच्या धुनींतून राग उगम पावले, हा विचार त्यांच्या या अभ्यासाचे फळ होय. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, मधसूरजा, अहिमोहिनी, निंदियारी हे त्यांनी अशा धुनींतून सिद्ध केलेले राग. हे राग व त्यांच्या बंदिशी ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात संगृहीत आहेत. त्याचा पहिला भाग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

वाचकहो, येथे थोडे थांबून पाहावे. पाच वर्षे ज्यास गाता आले नाही, त्याने त्या पाच वर्षांत पुढील चाळीस वर्षांचे गाणे साठविले. आजारपणाने त्यास काही दिले असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. आजार हा आजारच. परंतु आजाराच्या काळात जे उरले होते, ते त्याने वाया जाऊ दिले नाही. कंठ गेला तर कान आहेत, कान गेले तर स्मरण आहे. ही वृत्तीच साधकाची.

५. शीलनाथांची धुनी आणि निर्गुण स्वर

देवासला नाथपंथाचे एक जागते स्थान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी योगी शीलनाथ महाराज तेथे राहिले. त्यांची धुनी आजही भाविकांचे दर्शनस्थान आहे. त्यांच्या शिष्यपरिवारात गोरखनाथ, कबीर आणि अन्य संतांची निर्गुणी पदे गाइली जात. ती ‘शीलनाथ शब्दामृत’ या संग्रहात एकत्र केलेली आहेत. शिवाय माळव्याच्या वाटांवरून हिंडणारे नाथजोगी दारोदार ही पदे गात. भिक्षा मिळो वा न मिळो, गाणे पुरे करून ते पुढे निघून जात.

या गायनाने कुमारांस खोल स्पर्श केला. सगुण भजनात भक्त देवाशी बोलतो. आळवितो, रुसतो, लाडिकपणा करतो. निर्गुणी भजनात समोर कोणी नसते. गाणारा एकटाच, त्याचा स्वर दूर जातो आणि मागे शांतता उरते. जोग्यांच्या गायनातील स्वर फेकण्याची ही रीत कुमारांनी हेरली. पुढे त्यांच्या मैफलीत निर्गुणी भजन सुरू झाले, की श्रोत्यांस भर सभागृहात एकांत जाणवे. टाळ्या वाजवाव्यात की नाही असा संभ्रम पडे. एवढी स्तब्धता निर्माण करणारा स्वर कोठून आला, याचे उत्तर त्या पाच वर्षांच्या मौनातच शोधावे लागते. ज्याने शांततेत दीर्घकाळ वास केला आहे, त्यालाच ती दुसऱ्यास देता येते.

त्यांच्या गाण्यातील छोटे, झेप घेणारे स्वरसमूह आणि मधले विराम हे दुबळ्या फुफ्फुसामुळे आले असे काही जाणकार म्हणतात. तर तो त्यांच्या विचाराचाच भाग होता असे इतर मानतात. आमच्या मते हा वाद निकालात काढण्याचे कारण नाही. श्वास अपुरा असेल. पण जेवढा आहे तेवढ्यात पूर्ण वाक्य बोलावयाचे, हा निश्चय तर त्यांचाच होता.

पुढील वर्षांत दुःखाने त्यांचे दार पुन्हा ठोठावले. १९६१ मध्ये धाकट्या पुत्राच्या जन्मवेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. ज्या हातांनी मृत्यूच्या दारातून परत आणले, ते हातच गेले. देवासच्या घराचे ‘भानुकुल’ हे नाव त्यांची आठवण जागी ठेवते. १९६२ मध्ये कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्याही देवधरांच्या परंपरेतील गायिका होत्या आणि पुढे कित्येक मैफलींत त्यांनी कुमारांस साथ दिली. नाद मनुष्यास दुःखापासून वाचवीत नाही, हे या प्रसंगावरून दिसते. तो दुःखात उभे राहण्यास जागा देतो.

६. शार्ङ्गदेवांचा विवेक

आता शास्त्राकडे वळू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. पितामह दक्षिणेत आले. नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद या ग्रंथात सांगितले आहेत. आघाताने उत्पन्न होतो तो आहत नाद. योग्यांस अंतरी ऐकू येतो तो अनाहत. अनाहताची उपासना मुक्तिदायक खरी, पण ती लोकरंजक नाही. म्हणून सामान्य जनांसाठी आहत नादाचा, म्हणजेच संगीताचा मार्ग, असा त्यांचा अभिप्राय आहे. स्वरांचे विवेचन करण्यापूर्वी त्यांनी देहाची उत्पत्ती व रचना यांवर एक प्रकरण लिहिले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. देहाचा विचार केल्यावाचून नादाचा विचार होत नाही, हे त्यांस ठाऊक होते.

परंतु आमच्या प्रस्तुत विषयास सर्वांत उपकारक ठरते ते ग्रंथारंभीचे त्यांचे आत्मकथन. त्याचा आशय असा, की ग्रंथकार गरजूंची पीडा द्रव्याने, जिज्ञासूंची विद्येने आणि रोग्यांची रसायनांनी दूर करीत आला आहे. आणि आता सर्व लोकांचे त्रिविध ताप हरण करावे म्हणून तो हा संगीताचा ग्रंथ प्रकट करीत आहे.

हा विवेक पाहावा! संगीताचा महान आचार्य स्वतः सांगतो, की रोग्यास त्याने औषध दिले. ज्याला औषध हवे त्याच्यापुढे त्याने वीणा ठेवली नाही. आणि औषधाने, द्रव्याने व विद्येने जे शमत नाही, त्या तापासाठी त्याने संगीत पुढे केले. आठशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा आणि देवासच्या गवयाचे जीवन एकमेकांस किती जुळते आहे! स्ट्रेप्टोमायसिनने फुफ्फुस सावरले. परंतु आपण कशासाठी जगावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कुपीत नव्हते. ते नादात होते.

७. आचार्य कुमार आणि तंबोऱ्याचा पाठ

कुमार गंधर्वांचे अध्यापनही मननीय होते. देवासला येऊन राहिलेल्या शिष्यांत सत्यशील देशपांडे, मधुप मुद्गल, विजय सरदेशमुख यांसारखी नावे आहेत. घरात पुत्र मुकुल शिवपुत्र आणि कन्या कलापिनी कोमकली यांनी विद्या घेतली. शिष्याने आपली हुबेहूब नक्कल करावी असे त्यांस वाटत नसे. स्वतः बालपणी नकलेच्या शिखरावर पोहोचलेल्या पुरुषाने नकलेची मर्यादा ओळखली होती.

तंबोरा जुळविण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. तंबोऱ्यास चार तारा. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा धागा बसवून जवारी काढतात. तारा अचूक जुळल्या आणि जवारी नीट लागली म्हणजे खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्यासाठी वेगळी तार नसते. तो ऐकू येण्यास वाद्य नीट जुळलेले असावे लागते आणि ऐकणाऱ्याचे चित्तही स्थिर असावे लागते. आहत नादाच्या पोटातून सूक्ष्म नाद कसा उमलतो, हे समजावून देण्यास याहून सोपे साधन आम्हांस ठाऊक नाही. पालकांनी मुलांस तंबोऱ्यापाशी नेऊन हा गंधार एकदा अवश्य ऐकवावा.

आमच्या कुटुंबांतील पुष्कळ तरुण आज गिटार शिकतात आणि वडीलधाऱ्यांस ते रुचत नाही, असेही आमच्या कानी येते. वाद्याचा दोष नसतो. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर रागसंगीत प्रतिष्ठित केले. त्यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत केलेली १९६७ ची ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी त्याच वाद्यास नवे रूप देऊन मोहनवीणा घडविली. तार कोणत्याही लाकडावर ताणलेली असो, ती जुळविण्याची निष्ठा आणि तिच्याभोवतीची शांतता राखण्याची शक्ती असली म्हणजे ती उपासनेचे साधन होते.

याच माळव्यातील आणखी एक उदाहरण देतो. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे व्यवसायाने शाळाशिक्षक होते. गावोगावच्या भजनमंडळींतील तंबुऱ्याच्या नादाने ते प्रथम ओढले गेले आणि त्या नादामागून कबीरांच्या विचारापर्यंत पोहोचले. २०११ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. देवासमध्ये १९९० नंतरच्या दशकात एकलव्य या संस्थेच्या पुढाकाराने कबीर भजन मंडळ्यांचा एक मंच काही वर्षे चालला. तेथे खेड्यापाड्यांतील मंडळी रात्ररात्र गात आणि गाइलेल्या पदाच्या अर्थावर चर्चाही करीत. गाणे आणि अर्थ यांची अशी जोड आपल्या मंदिरांतही असावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

८. घरोघरी काय करावे

या विवेचनावरून काही आचरणीय गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, रुग्णाच्या उशाशी बसून मोठ्याने भजन करण्यापूर्वी त्यास काय ऐकावयास आवडेल हे विचारावे. त्यास शांतता हवी असेल तर शांतता द्यावी. तीही सेवाच आहे.

दुसरी, आजाऱ्याच्या सेवेत जे घरातील माणूस रात्रंदिवस राबते, त्यास आठवड्यातून एक सायंकाळ तरी मोकळी करून द्यावी. भानुमतीबाईंचे गाणे मागे पडले, तसे आपल्या घरातील कोणाचे पडू नये. ही जबाबदारी शेजाऱ्यांनी आणि मंदिरातील मंडळींनी वाटून घ्यावी.

तिसरी, रोज दहा मिनिटे केवळ ऐकावे. तंबोरा असल्यास उत्तम. नसल्यास पहाटेचे पक्षी, जात्याची घरघर उरली असेल तर तीही, देवळातील घंटेचा विरत जाणारा नाद. घंटेचा टोल संपतो कोठे, हे शोधण्याचा प्रयत्न करावा. ध्यानाचा हा प्राथमिक पाठ आहे आणि लहान मुलेही तो आनंदाने करतात.

चौथी, घरातील वृद्धांस जुन्या ओव्या, लग्नगीते, पाळणे ठाऊक असतील तर ते ऐकून लिहून ठेवावे. कुमारांनी परक्या भाषेतील गीते शेकड्यांनी जमविली. आपण आपल्या आजीची दहा तरी जमवू या.

पाचवी, संगीताने रोग हटतो असे सांगून कोणी औषध थांबविण्याचा सल्ला दिला, तर तो कितीही साधुवेषात असला तरी नम्रपणे नाकारावा. सावकाश श्वास सोडीत गाण्याने मन शांत होते, झोप बरी लागते, भीती कमी होते, हा पुष्कळांचा अनुभव आहे आणि तो मोलाचा आहे. तेवढ्यावर संतुष्ट असावे. जे संगीताचे काम नाही ते त्याच्यावर लादल्याने संगीताचाच अपमान होतो.

उपसंहार

कुमार गंधर्वांस १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण देऊन राष्ट्राने गौरविले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांनी देह ठेवला. हवापालटासाठी आलेला रुग्ण ४४ वर्षे त्या गावी राहिला, आणि गावाचे नाव त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यांच्या गायनाची मुद्रणे आज घरबसल्या ऐकावयास मिळतात. ती ऐकताना औषध शोधणाऱ्या संशोधकांचे, शाळेतील काम आटोपून घरी येऊन पथ्यपाणी पाहणाऱ्या भानुमतीबाईंचे, आणि अंगणात गाणाऱ्या, ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत त्या माळवी स्त्रियांचेही स्मरण ठेवावे. एका कंठातून जे उमटले ते इतक्यांनी मिळून राखले होते.

मननासाठी प्रश्न

१. रोगमुक्ती आणि गायन यांचा क्रम कुमार गंधर्वांच्या जीवनात कसा होता? तो उलटा सांगितल्याने कोणते अहित संभवते?

२. लादलेले मौन आणि स्वीकारलेले मौन यांत भेद कोणता? पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर कशाने होते?

३. शार्ङ्गदेवांनी रोग्यास काय दिले आणि सर्व लोकांस काय दिले? या दोहोंत त्यांनी भेद का केला असावा?

४. सगुण आणि निर्गुण भजन ऐकताना आपल्या मनाची अवस्था निरनिराळी होते काय? घरातील सर्वांनी आपापला अनुभव सांगावा.

५. आपल्या ओळखीच्या कोणत्या घरात आज एखादे माणूस एकटेच आजाऱ्याची सेवा करीत आहे? या आठवड्यात आपण त्यास कोणते साहाय्य करू शकतो?